वडिलांसाठी बुद्धिबळ खेळणारा रोबो घ्यावा, की भाच्याला बनवू द्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७४ वर्षांचे, नोटांच्या छापखान्यातून निवृत्त, नाशिकरोडला एकटे राहतात. बुद्धिबळ आणि कॅरमचा जुना नाद. बरोबरीचे भिडू एकेक करून गेले, नाहीतर मुलांकडे परगावी राहायला गेले. मोबाइलवर खेळायला ते तयार नाहीत. सोंगटी हातात आली पाहिजे म्हणतात. मुलगी पुण्यात असते. तिने विचारलंय : सोंगट्या स्वतः उचलून खेळणारे रोबो मिळतात, त्यातला एखादा घ्यावा का? की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला भाचा 'मी प्रोजेक्ट म्हणून बनवतो' म्हणतोय, त्याला बनवू द्यावा? आणि तो कॅरम खेळेल का?

कॅरमचं आधी सांगून टाकतो : नाही. का नाही, ते पुढे हिशेबासकट येईल. बुद्धिबळाचं जमण्यासारखं आहे. फक्त 'कुठला रोबो जास्त चांगला खेळतो' हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. सगळेच चांगले खेळतात.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत रोबो सेल (रोबो, त्याचं मशीन आणि भोवतीचं कुंपण) बसवायचं काम करतो. प्रेसमध्ये पत्रा ठेवणारे, मशीनमधून जॉब (घडवलेला सुटा भाग) काढून ट्रेमध्ये लावणारे हात. बुद्धिबळाचा हात त्याच जातीचा. जॉबच्या जागी वजीर, आणि मध्ये जाळीचं कुंपण नाही, समोर माणूस बसलेला. हा दुसरा फरक पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

खेळायची अक्कल आता फुकट मिळते. स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, २००८ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे आणि साध्या फोनवर चालूनही जगज्जेत्याला भारी पडतं. आपल्या नाशिकचा विदित गुजराथी २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या संघात होता. त्याच्या तोडीचे खेळाडूही अशी इंजिनं तयारीला वापरतात, त्यांच्याशी डाव जिंकायला कोणी बसत नाही. अडतं ते हातापाशी. १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू संगणकाने जगज्जेत्या कास्पारोवला हरवलं तेव्हा पटावरची सोंगटी हलवायला आयबीएमचा माणूस समोर बसलेला होता. २०१६ मध्ये सोलला अल्फागो या प्रोग्रॅमने 'गो' या पटावरच्या खेळात ली सेडॉलला हरवलं, तेव्हाही पटावर दगड (गोच्या सोंगट्या) ठेवत होते ते अल्फागोच्या टीममधले अजा ह्वांग. याउलट स्पेनच्या टोरेस केवेदो यांनी १९१२ मध्ये बनवलेलं यंत्र फक्त राजा-हत्ती विरुद्ध एकटा राजा एवढाच शेवट खेळायचं, पण आपली चाल स्वतः पटावर करायचं. (१७७० चा तो प्रसिद्ध 'तुर्क' यात धरत नाही, त्याच्या पेटीत माणूस लपलेला असायचा.) केवेदोंच्या पहिल्या यंत्रात यांत्रिक हात होता, १९२० च्या दुसऱ्यात पटाखाली चुंबक. आज तुम्हाला जे काही विकायला दिसेल ते या दोनपैकी एका घराण्यातलं असतं.

चुंबकवाल्या पटात खाली आडव्या-उभ्या रुळांवर फिरणारं एक लहान चुंबक असतं आणि प्रत्येक सोंगटीच्या बुडात एक. १९८३ मध्ये मिल्टन ब्रॅडली या खेळ बनवणाऱ्या कंपनीने असा पट बाजारात आणला होता. मुंबईच्या मुलांनी स्क्वेअर ऑफ नावाने २०१६ मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे करून तीच कल्पना नव्याने आणली. बघायला मजा येते, सोंगटी आपली आपण सरकते. घोड्याला मात्र उडी मारता येत नाही. तो दोन घरांच्या मधल्या रेषेवरून वाट काढत जातो, म्हणून सोंगट्यांचं बूड घराच्या मानाने बारीक ठेवावं लागतं. मोटारींची घरघर होते, ती शांत खोलीत जाणवते. आणि सोंगटी घराच्या मध्यावर नसेल तर चुंबक तिच्या शेजारून निघून जातं, नाहीतर अर्ध्या वाटेत तिला सोडून देतं. वडिलांचा हात थरथरत असेल तर हे आधी तपासा. बाकी हवेत फिरणारं काही नसल्यामुळे लहान मुलं असलेल्या घरात मी डोळे झाकून हाच प्रकार सुचवतो.

आता हात. नोव्हॅग कंपनीचा हात असलेला बुद्धिबळ संगणक १९८२ मध्येच आला होता, म्हणजे घरगुती हाताची कल्पनाही चाळीस वर्षांहून जुनी. हल्ली जे घरगुती हात चर्चेत आले त्यात सेन्सटाइम या चिनी कंपनीचा सेन्सरोबो आहे. २०२२ मध्ये तो आधी चिनी बुद्धिबळासाठी आला. चिनी बुद्धिबळाच्या सोंगट्या म्हणजे सगळ्या एका मापाच्या चपट्या चकत्या. वरून टेकलं, उचललं, ठेवलं. आमच्या धंद्यात असा जॉब मिळाला तर आम्ही सत्यनारायण घालू. आपलं पाश्चात्त्य पद्धतीचं बुद्धिबळ त्या मानाने त्रासाचं : राजा साडेनऊ सेंटिमीटर उंच, प्यादं त्याच्या निम्म्याच्या आसपास, उंटाचं डोकं निमुळतं, घोडा तर समोरून वेगळा, बाजूने वेगळा. म्हणून ग्रिपरचे जॉ (पकडीचे जबडे) डोक्याला नाही, मानेखालच्या कड्याला धरायचे आणि प्रत्येक सोंगटीची धरायची उंची प्रोग्रॅममध्ये वेगळी द्यायची.

भाच्याने बनवायचं ठरवलं तर तो पहिल्यांदा काय आणेल ते मला माहीत आहे : तीन-चारशे रुपयांना मिळणारे हौशी सर्व्हो मोटारी, सहा नग, आणि ऑनलाइन मागवलेला ॲल्युमिनियमचा हात. त्याला आधी हा हिशेब करायला सांगा. घर ५ सेंटिमीटरचं, म्हणजे पट ४० सेंटिमीटरचा, अधिक मेलेल्या सोंगट्या ठेवायची जागा. हाताला साधारण अर्धा मीटर पोच लागते. खांद्याच्या सांध्यात एका अंशाची ढिलाई असली तर अर्ध्या मीटरवर टोक जवळजवळ ९ मिलिमीटर हलतं. राजाचं बूड असतं ४ सेंटिमीटरच्या आसपास. ५ च्या घरात ठेवल्यावर चारही बाजूंना ५ मिलिमीटर उरतात. स्वस्त सर्व्होच्या गिअरमध्ये एक अंशाचं बॅकलॅश (ढिलाई) ही काही विशेष गोष्ट नाही, आणि असे सांधे एकामागे एक आले की चुका एकमेकींत मिसळतात. पहिल्या दिवशी हात छान खेळेल. महिनाभराने वजीर उचलताना शेजारचा उंट आडवा पाडेल.

त्याऐवजी स्कारा पद्धतीचा हात करायला सांगा. दोन सांधे आडव्या पातळीत फिरणारे, स्टेपर मोटर आणि पट्ट्याने गती कमी केलेले, आणि टोकाला फक्त वर-खाली जाणारा एक छोटा स्क्रू. पटावरच्या उचल-ठेवीला याहून जास्त काही लागत नाही. शिवाय यात एक फायदा आहे जो नाशिकरोडला राहणाऱ्या कोणालाही पटेल. लाइट गेली की सहा सांध्यांच्या स्वस्त हातातली ताकद जाते आणि तो अख्खा पटावर कोसळतो. स्काराचे सांधे आडवे असल्यामुळे तो जागच्या जागी उभा राहतो. घरी इन्व्हर्टर असला तरी तो चालू होईपर्यंतच्या त्या क्षणात आतला छोटा संगणक पुन्हा सुरू होऊ शकतो, म्हणून प्रत्येक चालीनंतर डाव साठवायलाच हवा. विकतचा रोबो बघायला गेलात तर दुकानदाराला भर डावात प्लग काढायला सांगा. तो काचकूच करायला लागला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

डोळ्यांचं काम लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही. कॅमेऱ्याने प्रत्येक सोंगटी ओळखायची गरजच नसते. डाव कुठून सुरू झाला ते माहीत असतं; आता फक्त कुठली घरं बदलली ते बघायचं आणि कायदेशीर चालींच्या यादीशी जुळवायचं. साध्या चालीत दोन घरं बदलतात, कॅसलिंगमध्ये (राजा आणि हत्ती एकाच चालीत) चार, आँ पासाँमध्ये (दोन घरं पुढे गेलेलं प्यादं शेजारून मारणं) तीन. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की मात्र विचारावंच लागतं, आणि जादा वजीर कुठे ठेवलाय हेही ठरलेलं असावं लागतं. पटाच्या चार कोपऱ्यांना काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या खुणा चिकटवल्या की पट थोडा सरकला तरी प्रोग्रॅम आपला आपण जागा जुळवून घेतो. खरा शत्रू म्हणजे चकचकीत पॉलिश आणि डोक्यावरची ट्यूबलाइट. मॅट फिनिशचा पट घ्या आणि बाल्कनीच्या दारापासून लांब मांडा. चार वाजताचं तिरपं ऊन आलं की सोंगटीची सावलीच दुसरी सोंगटी वाटायला लागते.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते. पाळी कोणाची?

दोन माणसं खेळतात तेव्हा हे कधी कोणी विचारत नाही. समोरच्याने सोंगटी सोडली, मागे रेलला, चहाचा कप उचलला, की आपल्याला कळतं. यंत्राला नाही कळत. जुलै २०२२ मध्ये मॉस्कोच्या एका स्पर्धेत रोबोने सात वर्षांच्या मुलाचं बोट धरलं आणि ते मोडलं. रोबोची चाल पुरती होण्याआधीच मुलाने घाईने आपली चाल करायला हात घातला होता. आयोजकांकडून सांगितलं गेलं की मुलाने नियम पाळला नाही. मी हे कारण मान्य करत नाही. आमच्याकडे ऑपरेटरचा हात प्रेसमध्ये जाणार हे गृहीत धरूनच सेल बसवतात. म्हणून दोन हातांची बटणं असतात, लाइट कर्टन (हात आडवा आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) असतो, आणि सेटिंग करताना माणूस आत असेल तर रोबोचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाहीत. माणसासोबत काम करणाऱ्या रोबोंसाठी शरीराच्या कुठल्या भागाला किती दाब चालेल याचे तक्ते २०१६ पासून आयएसओच्या कागदात छापलेले आहेत. सात वर्षांचं पोर घाई करणारच. घाई चालेल असं यंत्र बनवणं हे बनवणाऱ्याचं काम.

उपाय स्वस्त आहे. बुद्धिबळाच्या घड्याळाला असतं तसं एक मोठं बटण. माणसाने ते दाबल्याशिवाय हाताने हलायचंच नाही. त्यावर दुसरा नियम : हात हलत असताना कॅमेऱ्याला पटावर सोंगटीखेरीज काहीही दिसलं की जागच्या जागी थांबायचं. आणि तिसरा, जॉ इतक्या कमी ताकदीचे ठेवायचे की बोट सापडलं तरी सहज ओढून काढता यावं. लाकडी सोंगटी काही दहा-वीस ग्रॅमची, तिला ताकद लागते किती? मॉस्कोचा हात मुळात कारखान्यातला होता. त्याला बुद्धिबळ शिकवलं, नाजूकपणा नाही. विकतच्या रोबोत बटण नसेल आणि 'आमचा एआय आपोआप ओळखतो' असं कोणी सांगितलं, तर तो रोबो घेऊ नका, कितीही देखणा असला तरी.

बटणाचा आणखी एक उपयोग आहे. वयस्कर माणसं सोंगटी हातात धरून विचार करतात. उचलतात, एका घरात टेकवतात, परत आणतात, शेजारच्याची तिरकी झालेली नीट करतात. जे पट घराघराखालच्या स्विचवरून चाल ओळखतात त्यांचा यात गोंधळ उडतो. बटण असलं की वडिलांना हवं तेवढं चाचपडू दे, यंत्र फक्त शेवटची स्थिती बघेल.

एक गोष्ट वडिलांना आवर्जून विचारा : ते देशी बुद्धिबळ खेळतात का? त्यांच्या वयाच्या बऱ्याच जणांनी घरात आजोबांकडून शिकलेलं असतं. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, आणि शह बसलेला नसेल तर राजा डावात एकदा घोड्यासारखा अडीच घरं उडी मारतो. इंजिनाच्या लेखी ही उडी बेकायदा. बाबा उडी मारणार, यंत्र लाल दिवा लावणार, बाबा म्हणणार याला खेळता येत नाही, आणि वस्तू पंधरा दिवसांत कपाटावर. विकतच्या यंत्रात हे बदलता येणं कठीण. भाच्याला मात्र येईल : फेअरी-स्टॉकफिश नावाचं इंजिन वेगवेगळ्या देशांचे नियम खेळतं. कंबोडियाच्या बुद्धिबळात राजाला अशीच एक उडी असते आणि ते त्यात आधीपासून आहे. स्वतःचे नियमही लिहून देता येतात. घरी बनवण्याच्या बाजूने मला दिसणारं हे सर्वांत भक्कम कारण.

ताकदीबद्दलही थोडं. स्टॉकफिशला खालच्या पातळीवर लावलं की ते पाच चाली ग्रँडमास्टरसारख्या खेळतं आणि सहाव्या चालीला हत्ती फुकट देऊन टाकतं. मुद्दाम हरलेलं माणसाला लगेच कळतं, आणि छापखान्यात जन्म काढलेल्या माणसाला खोटी नोट दाखवण्यातला हा प्रकार आहे. त्यापेक्षा माइया हे इंजिन वापरा. ते माणसांनी खेळलेल्या लाखो डावांवर शिकवलंय, साधारण ११०० ते १९०० रेटिंगच्या पातळ्यांचं मिळतं, आणि त्या पातळीचा माणूस जशा चुका करेल तशा चुका करतं.

आता कॅरम. स्ट्रायकर आडव्या पट्टीवर सरकवून स्प्रिंगने किंवा सोलेनॉइडने (विजेच्या चुंबकाने ठोका देणारी दांडी) मारणारं यंत्र बनवता येतं, त्यात काही विशेष नाही. नेम बघा. स्ट्रायकरचा व्यास ४.१३ सेंटिमीटरपर्यंत, सोंगटीचा साधारण ३.१. टक्कर होते तेव्हा दोघांच्या मध्यांत ३.६ सेंटिमीटर अंतर. समजा सोंगटी स्ट्रायकरपासून ४० सेंटिमीटरवर आहे आणि यंत्राचा नेम अर्धा अंश चुकला. टकरीच्या वेळी स्ट्रायकर साडेतीन मिलिमीटर बाजूला असेल. तेवढ्यानेही सोंगटीची दिशा साडेपाच अंशांनी बदलते. होल तिथून ३० सेंटिमीटरवर असेल तर सोंगटी जवळजवळ ३ सेंटिमीटर बाजूने जाते. होलाचा व्यास ४.४५, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम साडेसहा मिलिमीटर सूट. हा साधा फटका घालायला नेम अंशाच्या दहाव्या भागाइतका अचूक लागतो. कारखान्याच्या हाताला ते जमेल. पण त्या नेमाला पावडर कुठे जास्त पडलीय ते माहीत नसतं, आणि पावसाळ्यात प्लाय फुगून पट एका कोपऱ्याकडे ओढायला लागलाय हेही नाही. बाबांना चार फटक्यांत ते कळतं. शिवाय कॅरमचा निम्मा आनंद समोरच्याची क्वीन कव्हरवाचून परत आली की होणाऱ्या गलक्यात आहे. त्यासाठी माणसंच लागतील. सोसायटीत विचारून बघा, ज्येष्ठ नागरिक संघात बोर्ड असला तर दुधात साखर.

लुडो, सापशिडी या खेळांत हाताचं काम तेच, डोक्याचं काहीच नाही आणि सोंगट्या बारीक. नातवंडांसाठी गंमत म्हणून ठीक. पैसे घालू नका.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्यात एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. बाबांना प्रतिस्पर्धी कमी पडतोय असं मला वाटत नाही. भिडू कमी पडलाय. रोबो दिवसात दोन डाव खेळेल, जिंकेल किंवा ठरवून हरेल, आणि 'काय हो, आज वजीर लवकर काढलात' असं काही म्हणणार नाही. आवाजाची क्लिप भरून तसं म्हणायला लावता येतं. मी अशी यंत्रं पाहिली आहेत आणि दोन दिवसांनी घरच्यांनी आवाज बंद केलेला पाहिला आहे.

पण त्याच हाताचा एक वेगळा उपयोग होतो. लिचेस या बुद्धिबळाच्या फुकट वेबसाइटवर बाहेरचे पट जोडायची सोय खुली आहे. पुण्यात तुमचा मुलगा किंवा तुम्ही स्वतः फोनवर चाल करा, नाशिकरोडला हात ती चाल बाबांच्या लाकडी पटावर करेल, आणि बाबांनी बटण दाबलं की त्यांची चाल तुमच्या फोनवर येईल. शेजारी व्हिडिओ कॉल चालू. यंत्र इथे खेळत नाही, फक्त तुमच्या वतीने सोंगटी उचलतं. मला विचाराल तर घरगुती रोबोने करावं असं एवढंच काम आज आहे, बाकी सगळं फोन त्याच्याहून बरं करतो. आणि यासाठी हातच हवा असंही नाही, चुंबकाच्या पटावरही हे होतं.

तर माझा सल्ला : विकतचा महागडा हात या वर्षी घेऊ नका. चुंबकाचा पट कोणाकडे असेल तर आठवडाभर मागून आणा आणि बाबांचा हात सोंगटी मध्यावर ठेवतो का ते बघा. जमलं तर तोच घ्या, मात्र इंटरनेट बंद करून तो चालतो याची खात्री करूनच. ज्या यंत्राला प्रत्येक डावाला कंपनीचं ॲप आणि सर्व्हर लागतो, ते कंपनी आहे तोवरच तुमचं असतं. सोंगट्या सुट्या मिळतात का तेही विचारा. बुडात चुंबक असलेला एक घोडा हरवला की बाहेरचा घोडा चालत नाही.

जमलं नाही तर भाच्याला करू द्या, पण क्रम मी सांगतो तो. पहिले दोन महिने हात नाहीच. फक्त पट, वर कॅमेरा, बटण, आणि यंत्राची चाल दाखवणारा एक छोटा पडदा. सोंगटी बाबाच हलवतील. यात देशी नियम, डाव साठवणं, पुण्याचं कनेक्शन, ट्यूबलाइटचा त्रास हे सगळं निस्तरून होईल. बाबा रोज बसतात असं दिसलं तरच हात जोडायचा. बसले नाहीत तर सात-आठ हजारांत निभावलं, आणि भाच्याचं प्रोजेक्ट तेवढ्यावरही पास होतं. हात जोडायची वेळ आली तर त्याला अंबडला पाठवा. भंगारातले चांगले स्टेपर आणि लिनिअर गाइड आमच्या गल्लीत वजनावर मिळतात, आणि ग्रिपरचे जॉ मी माझ्या मशीनवर कापून देईन.